मेसालाझिन

मेसालाझिन हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचा दाह शमवणारे औषध आहे. अमेरिकेत ते मेसालामाइन या नावाने ओळखले जाते. रसायनशास्त्राच्या परिभाषेत त्याला ५-अमिनोसॅलिसिलिक आम्ल म्हणतात आणि डॉक्टरांच्या बोलण्यात बहुधा '५-एएसए' हा संक्षेप ऐकू येतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजेच व्रणयुक्त बृहदांत्रदाह, या दीर्घकाळ चालणाऱ्या आजाराच्या सौम्य व मध्यम स्वरूपावर ते पहिल्या पसंतीचे औषध मानले जाते. त्याचे काम दुहेरी आहे: भडकलेला दाह शांत करणे आणि शांत झालेला दाह पुन्हा भडकू न देणे. यांपैकी दुसरे काम अधिक दीर्घ आणि रुग्णाला पटण्यास अधिक कठीण असते, कारण त्या काळात औषध घेणारा माणूस स्वतःला आजारी समजत नसतो.

मेसालाझिनचा रेणू लहान आहे. त्याचा रेणुभार सुमारे १५३ आहे. सॅलिसिलिक आम्लापासून बनलेले असल्याने ते ॲस्पिरिनच्या कुळातील ठरते. मात्र दोघांचे उपयोग अगदी भिन्न आहेत. ॲस्पिरिन रक्तात मिसळून सर्व शरीरावर परिणाम करते, तर मेसालाझिनचा उपयोग आतड्याच्या अस्तराला आतून स्पर्श करण्यात आहे. ते रक्तात जितके कमी शोषले जाईल तितके रुग्णाच्या हिताचे असते.

आजाराचे स्वरूप

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या सर्वांत आतल्या आवरणाला सूज येऊन त्यावर व्रण पडतात. दाह गुदाशयापासून सुरू होतो आणि वरच्या दिशेने सलग पसरतो. काही रुग्णांत तो गुदाशयापुरताच राहतो, तर काहींत संपूर्ण मोठे आतडे व्यापतो. शौचावाटे रक्त व शेंब पडणे, दिवसातून अनेकदा घाईने शौचास जावे लागणे, जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्याची भावना, पोटात कळ येणे, थकवा आणि रक्तक्षय ही त्याची मुख्य लक्षणे आहेत. काही रुग्णांचे सांधे दुखतात, काहींच्या डोळ्यांना व त्वचेलाही त्रास होतो. आजाराचे एकच एक कारण सांगता येत नाही. आनुवंशिक कल, आतड्यातील जिवाणूंचा समतोल आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा स्वतःच्याच ऊतींवर होणारा अतिरेक यांच्या संयोगातून तो उद्भवतो, असे मानले जाते. तो संसर्गजन्य नाही.

हा पाश्चात्त्य देशांचा आजार आहे, अशी समजूत भारतात दीर्घकाळ होती. पंजाबात लुधियानाच्या डॉक्टरांनी घरोघर जाऊन केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४४ रुग्ण आढळले, तर नव्या रुग्णांचे प्रमाण वर्षाला लाखामागे सहा इतके निघाले. या आकड्यांनी ती समजूत मोडून काढली.

भारतात निदानाला विलंब होण्याचे एक कारण मराठी घरांतील रोजच्या भाषेतही सापडते. शौचावाटे रक्त व शेंब पडू लागली की तिला 'आव' किंवा 'रक्ती आव' म्हटले जाते, आणि आव म्हणजे दूषित पाण्यातून आलेला जंतूंचा विकार, हे गृहीत धरले जाते. अमीबामुळे होणारी आव आपल्याकडे खरोखरच आढळत असल्याने हा तर्क चुकीचा म्हणता येत नाही. परंतु मेट्रोनिडाझोलसारख्या औषधांचे एकामागून एक क्रम घेऊनही रक्त थांबत नसेल, तेव्हा तोच तर्क रुग्णाचे महिने वाया घालवतो. दुसरी गल्लत मूळव्याधीशी होते. खरे निदान दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी करून आणि अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून होते.

हा आजार चढ-उतारांचा आहे. काही आठवडे वा महिने तो भडकतो, नंतर शांत होतो. शांत काळाला वैद्यकीय मराठीत 'शमनकाळ' असे म्हणता येईल. आजार पुन्हा भडकण्याला मात्र बोलभाषेत 'आजार उलटणे' हा नेमका शब्दप्रयोग आधीच आहे. तीव्र भडका आटोक्यात आणण्यासाठी स्टिरॉइड औषधे प्रभावी ठरतात. परंतु त्यांच्या आधारे शमनकाळ टिकवता येत नाही आणि दीर्घकाळ घेतल्यास हाडे, डोळे व रक्तातील साखर यांवर त्यांचे दुष्परिणाम होतात. शमनकाळ टिकवण्याची जबाबदारी त्यामुळे वेगळ्या औषधावर येते, आणि सौम्य ते मध्यम आजारात ते औषध म्हणजे मेसालाझिन किंवा त्याची भावंडे.

इतिहास

मेसालाझिन स्वतंत्र औषध म्हणून बाजारात येण्यापूर्वी सुमारे चार दशके दुसऱ्या एका औषधाच्या पोटात दडून रुग्णांपर्यंत पोहोचत होते. ते औषध म्हणजे सल्फासालाझिन.

स्वीडनमधील डॉक्टर नाना स्वार्ट्झ (१८९०–१९८६) या स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. स्वीडनच्या सरकारी विद्यापीठात प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. संधिवाताच्या मुळाशी जिवाणूंचा संसर्ग असावा, असे त्यांना वाटत होते. म्हणून जिवाणूंना रोखणारे सल्फापिरिडिन आणि वेदना व दाह कमी करणारे सॅलिसिलिक आम्लाच्या कुळातील द्रव्य यांना एकाच रेणूत जोडावे, अशी कल्पना त्यांनी मांडली. फार्मासिया या स्वीडिश कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस तसा रेणू तयार केला. त्याचे 'सलाझोपायरिन' हे नाव त्याच्या घटकांवरूनच बेतलेले होते. संधिवाताबरोबर कोलायटिस असलेल्या रुग्णांनाही ते देण्यात आले आणि त्यांचे आतडे सुधारू लागले. स्वार्ट्झ यांनी आपली निरीक्षणे १९४२ साली प्रसिद्ध केली. ज्या तर्काने औषध तयार झाले तो तर्क टिकला नाही, औषध मात्र टिकले.

यानंतरचा प्रश्न होता तो बरे वाटू लागलेल्या रुग्णांचा. त्यांनी औषध चालू ठेवावे की थांबवावे? १९६५ साली लंडनमधील मिसिविच, लेनर्ड-जोन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी लान्सेट या नियतकालिकात एक नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली. शमनकाळातील काही रुग्णांना सल्फासालाझिन आणि काहींना तशाच दिसणाऱ्या औषधहीन गोळ्या देऊन वर्षभर पाहिले असता, खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत आजार उलटण्याचे प्रमाण कितीतरी कमी आढळले.

तरीही एक शंका उरत होती. वर्षानुवर्षे शांत असलेल्या रुग्णालाही औषधाची गरज असते का? ऑक्सफर्डमधील डॉक्टर दिसानायके आणि सिडनी ट्रूलव्ह यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. निदान वर्षभर औषध घेत असलेल्या आणि त्रासमुक्त असलेल्या रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाचे औषध चालू ठेवले, तर दुसऱ्याला न कळत औषधहीन गोळ्या दिल्या. सहा महिन्यांत दुसऱ्या गटात आजार उलटण्याचे प्रमाण पहिल्याच्या चौपटीहून अधिक निघाले. १९७३ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष या औषधाच्या इतिहासात फार महत्त्वाचा आहे. दीर्घ शमनकाळ हा आजार संपल्याचा पुरावा नसून औषध काम करीत असल्याचा पुरावा असू शकतो, हे त्यातून दिसले.

सल्फासालाझिनच्या जोडरेणूतील नेमका कोणता भाग गुणकारी आहे, हे मात्र अजून ठाऊक नव्हते. हे कोडे सोडवण्याचे श्रेय ट्रूलव्ह यांच्याबरोबर काम करणारे बांगलादेशी डॉक्टर ए. के. आझाद खान यांना जाते. मोठ्या आतड्यातील जिवाणू सल्फासालाझिनचा रेणू मधोमध तोडतात आणि त्यातून सल्फापिरिडिन व ५-अमिनोसॅलिसिलिक आम्ल सुटे होतात, हे तोपर्यंत कळले होते. आझाद खान यांनी काही रुग्णांना मूळ सल्फासालाझिनचा, काहींना केवळ सल्फापिरिडिनचा आणि काहींना केवळ ५-अमिनोसॅलिसिलिक आम्लाचा एनिमा दिला. पोटातून देण्याऐवजी एनिमा दिल्याने प्रत्येक द्रव्य थेट दाहाच्या जागी पोहोचत होते. कोणाला काय दिले आहे हे परीक्षकांना ठाऊक नव्हते. मूळ औषध आणि ५-अमिनोसॅलिसिलिक आम्ल या दोहोंचा गुण जवळजवळ सारखा आला. सल्फापिरिडिनचा मात्र फारसा आला नाही. १९७७ साली लान्सेटमध्ये आलेल्या या लेखाने हे स्पष्ट झाले की सल्फापिरिडिन हे केवळ वाहन होते, औषध दुसरेच होते. डोकेदुखी, मळमळ, पुरळ असे बहुतेक दुष्परिणाम त्या वाहनाचेच होते. आझाद खान पुढे ढाक्याला परतले आणि बांगलादेश मधुमेह समितीचे अध्यक्ष म्हणून प्रसिद्धीस आले. दक्षिण आशियातील वाचकांना त्यांचे हे आधीचे काम फारसे ठाऊक नसते.

शमनकाळात औषध किती घ्यावे, याचाही शोध त्यांनीच घेतला. दिवसाला १, २ व ४ ग्रॅम सल्फासालाझिन घेणाऱ्या तीन गटांत आजार उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे ३३, १४ व ९ टक्के आढळले. चार ग्रॅम सर्वांत परिणामकारक, पण त्या मात्रेला दुष्परिणामही अधिक. म्हणून दोन ग्रॅम ही मध्यम मात्रा १९८० साली सुचवली गेली आणि ती दीर्घकाळ प्रमाण मानली गेली.

औषध मोठ्या आतड्यापर्यंत कसे पोहोचते

वाहन नको, केवळ औषध हवे, हे ठरल्यावर एक नवी अडचण उभी राहिली. शुद्ध मेसालाझिन गिळले तर ते लहान आतड्याच्या वरच्या भागातच झपाट्याने शोषले जाते आणि मोठ्या आतड्यापर्यंत फारच थोडे उरते. थोडक्यात, टाकून दिलेल्या वाहनाची गरज होतीच, फक्त ते निरुपद्रवी हवे होते. १९८०च्या दशकापासून औषधनिर्मात्यांनी यावर वेगवेगळ्या युक्त्या काढल्या. आजच्या निरनिराळ्या गोळ्यांमधील फरक हा मुख्यतः या युक्त्यांचा फरक आहे.

पहिली युक्ती वेष्टनाची. जठरातील रस तीव्र आम्लधर्मी असतो. लहान आतड्यात पुढे जाताना आम्लता घटत जाते. आम्लतेचे मोजमाप असलेला सामू ७ किंवा त्याहून अधिक झाला तरच विरघळेल, अशा ॲक्रिलिक राळेचे वेष्टन गोळीवर दिले की ती जठरातून अखंड पुढे जाते आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात किंवा मोठ्या आतड्याच्या आरंभी उघडते. 'आसाकॉल' ही या प्रकारची प्रसिद्ध गोळी होय. सामू ६च्या आसपास उघडणारी वेष्टनेही आहेत.

दुसरी युक्ती वेळेची. 'पेंटासा'मध्ये औषधाचे बारीक कण इथिल सेल्युलोजच्या पापुद्र्यात बंदिस्त असतात आणि लहान आतड्यापासून गुदाशयापर्यंतच्या संपूर्ण प्रवासात औषध थोडे थोडे झिरपत राहते. तिसऱ्या प्रकारात बाहेरील वेष्टनाच्या आत औषध चिकट मेणासारख्या द्रव्यांच्या जाळ्यात गुंतवलेले असते, त्यामुळे ते मोठ्या आतड्यात सावकाश सुटते. १.२ ग्रॅमची अशी गोळी अमेरिकेत २००७ साली मान्य झाली आणि दिवसातून एकदाच औषध घेण्याची पद्धत रूढ होण्यास तिने हातभार लावला.

चौथी युक्ती सल्फासालाझिनचीच, पण सुधारलेली. ओल्सालाझिनमध्ये मेसालाझिनचे दोन रेणू एकमेकांना नायट्रोजनच्या बंधाने जोडलेले असतात. या जोडीत वाहनही औषध आणि ओझेही औषध. मोठ्या आतड्यातील जिवाणूंनी बंध तोडला की एकाचे दोन होतात. अमेरिकेत ते १९९० साली मान्य झाले. सल्फासालाझिन न सोसणाऱ्या रुग्णांचा शमनकाळ टिकवणे, एवढाच त्याचा अधिकृत उपयोग असून त्याची नेहमीची मात्रा दिवसाला एक ग्रॅम, दोन भागांत, अन्नाबरोबर अशी आहे. कागदावर ही रचना सर्वांत देखणी वाटते. प्रत्यक्षात मात्र ओल्सालाझिनमुळे लहान आतड्यात पाण्याचा स्राव वाढून काही रुग्णांना जुलाब होतात, आणि जुलाबाच्याच आजारावर जुलाब करणारे औषध घेणे अनेकांना नकोसे होते. बाल्सालाझाइड या २००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या औषधात निरुपद्रवी वाहन वापरले आहे.

या साऱ्यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. वेष्टनाची गोळी तोडून, चावून किंवा कुटून घेऊ नये. तसे केल्यास औषध मुक्कामी पोहोचण्याआधीच संपते. गिळणे जड जात असल्यास कणांच्या पुड्या मिळतात. काही रुग्णांना शौचात गोळीचे रिकामे कवच दिसते आणि औषध लागूच पडले नाही असे वाटते. बहुतेकदा ते केवळ टरफल असते, आतील औषध निघून गेलेले असते. मात्र अखंड गोळ्या वारंवार पडत असतील तर डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते.

दाह केवळ गुदाशयात किंवा त्याच्या लगत असेल तर तोंडावाटे गोळी देण्यापेक्षा सपोझिटरी वा एनिमा अधिक गुणकारी ठरतो. भारतीय रुग्ण संकोचामुळे हे प्रकार टाळतात.

शरीरातील कार्य

मेसालाझिन नेमके कसे काम करते, याचे एकच उत्तर नाही. दाह निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन व ल्युकोट्राइन ही द्रव्ये ते कमी करते, पेशींतील दाहाचे संदेश पुढे जाऊ देत नाही आणि दाहातून निर्माण होणारे घातक ऑक्सिजन-रेणू निष्प्रभ करते. अस्तरातील पेशींच्या केंद्रकात असलेल्या पीपार-गॅमा या ग्राहीला ते चेतवते, हे अलीकडच्या संशोधनात महत्त्वाचे मानले जाते. अस्तराच्या पेशी व यकृत त्याचे निष्क्रिय रूपांतर करतात आणि शोषलेला अंश लघवीवाटे बाहेर जातो.

लहान आतड्यातही होणाऱ्या क्रोन रोगात मात्र त्याचा उपयोग फारसा सिद्ध झालेला नाही. दोन्ही आजारांची नावे जोडीने घेतली जात असल्याने याबाबत नेहमी गोंधळ होतो.

मात्रा

भडका असताना दिवसाला साधारण २.४ ते ४.८ ग्रॅम आणि शमनकाळात साधारण २ ते २.४ ग्रॅम मेसालाझिन दिले जाते. पूर्वी ही मात्रा तीन किंवा चार वेळांत विभागून देण्याची रीत होती. दिवसातून एकदाच पूर्ण मात्रा घेणाऱ्यांना तितकाच गुण येतो, हे पुढे अनेक चाचण्यांत दिसून आले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत रोज एकदाच २ ग्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे ७१ टक्के रुग्ण वर्षभर शमनकाळात राहिले, तर तेच औषध दोनदा विभागून घेणाऱ्यांपैकी सुमारे ५९ टक्के. रसायनाच्या दृष्टीने हा फरक का पडावा, हे सांगणे कठीण आहे. माणसाच्या स्वभावाच्या दृष्टीने ते सोपे आहे. रमजानचे रोजे किंवा चातुर्मासातील उपवास पाळणाऱ्या रुग्णांनाही एकवेळची पद्धत सोयीची पडते.

औषध मध्येच सोडण्याचा प्रश्न

मराठीत 'बरे वाटणे' आणि 'बरे होणे' हे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत. मेसालाझिन घेणारा रुग्ण सहसा पहिल्यात असतो आणि स्वतःला दुसऱ्यात समजतो. रक्त थांबते, भूक लागते, वजन भरते आणि एके दिवशी गोळ्यांची पट्टी संपल्यावर नवी आणली जात नाही. काही आठवडे काहीच होत नाही, त्यामुळे निर्णय योग्य होता अशी खात्री पटते. आजार उलटतो तो बहुधा नंतर, आणि तोवर कारण व परिणाम यांतला धागा विसरला गेलेला असतो. दोष मग प्रवासातील पाण्यावर किंवा लग्नातील तिखट जेवणावर जातो.

या वर्तनाचा आकड्यांत अभ्यास करणाऱ्यांमध्ये सुनंदा काणे या डॉक्टरांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. शिकागो विद्यापीठात असताना त्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शमनकाळातील ९४ रुग्णांच्या औषधखरेदीच्या नोंदी तपासल्या. सांगितलेले औषध नीट घेणारे केवळ ४० टक्के निघाले. पुरुष आणि अविवाहित व्यक्ती औषध अधिक चुकवत होत्या, तसेच ज्यांना एकाच वेळी अनेक औषधे घ्यावी लागत तेही. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ९९ रुग्णांचा मागोवा होता. औषध नियमित घेणाऱ्यांना शमनकाळ टिकण्याची ८९ टक्के संधी होती, तर अनियमित घेणाऱ्यांना ३९ टक्के. आजार उलटण्याचा धोका पाचपटींहून अधिक होता. उत्तम औषध आणि निरुपयोगी औषध यांतील अंतरही पुष्कळदा इतके नसते.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी पदर आहेत. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे औषधनिर्मितीचे मोठे केंद्र आहे. चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांतून वोक्हार्ट, ल्युपिन यांसारख्या कंपन्यांची औषधे देशाबाहेरही जातात. याच शहरात १९५६ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. 'घाटी' या नावाने ते सर्वांना परिचित असून आसपासच्या जिल्ह्यांतील गोरगरीब रुग्णांचा तोच आधार आहे. गोळी तयार होणे व तज्ज्ञ उपलब्ध असणे या दोन पायऱ्या येथे तुलनेने जवळ आहेत. अडखळायला होते ते तिसऱ्या पायरीवर, म्हणजे गावी परतल्यावर रोज गोळी घेत राहण्याच्या टप्प्यावर. बीड, जालना या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत फडावर राहतात. अशा कुटुंबातील रुग्णाला सहा महिन्यांचे औषध बरोबर नेणे किंवा परमुलखात ते मिळवणे, दोन्ही अवघड असते. उसाच्या फडात शौचालयाची सोय नसताना आजार उलटणे म्हणजे काय, याची कल्पना शहरी वाचकाला सहज यायची नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर ती अधिकच कठीण अवस्था असते.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या शासकीय योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहेत. आजार विकोपाला जाऊन शस्त्रक्रियेची वेळ आली तर मदत मिळू शकते. ती वेळ येऊ नये म्हणून घ्यावयाची रोजची गोळी बहुधा स्वतःच्या खिशातून आणावी लागते. ही विसंगती केवळ या एका औषधापुरती नाही.

दुष्परिणाम व दक्षता

मेसालाझिन बहुतेक रुग्णांना चांगले सोसते. डोकेदुखी, मळमळ, पोटात वायू धरणे, क्वचित केस गळणे असे किरकोळ त्रास आढळतात. दुर्मिळ पण गंभीर त्रासांत मूत्रपिंडाचा दाह सर्वांत महत्त्वाचा आहे. तो कोणतेही लक्षण न दाखवता वाढू शकतो, म्हणून उपचारापूर्वी व नंतर ठरावीक काळाने रक्तातील क्रिएटिनिन तपासले जाते. स्वादुपिंडाचा तसेच हृदयाच्या आवरणाचा दाहही क्वचित होतो. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांना हे औषध देत नाहीत.

थोड्या रुग्णांत औषध सुरू केल्यावर कळा, ताप व रक्तमिश्रित जुलाब उलट वाढतात. हे आजाराच्या भडक्यासारखेच दिसते, त्यामुळे मात्रा वाढवण्याची चूक होऊ शकते. खरा उपाय औषध थांबवणे हा असतो. एक निरुपद्रवी पण घाबरवणारी गोष्टही आहे. शौचालयात ब्लीचिंग पावडर वापरली असेल तर या रुग्णांची लघवी तिच्या संपर्कात येऊन तांबूस तपकिरी दिसू शकते. ते रक्त नसते.

सल्फासालाझिनचे दुष्परिणाम अधिक आहेत. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांना ते चालत नाही. त्यामुळे लघवी नारिंगी होते, फॉलिक आम्लाचे शोषण घटते आणि पुरुषांत शुक्रजंतूंची संख्या तात्पुरती कमी होते. औषध बदलल्यावर ती पूर्ववत होते. अपत्यासाठी प्रयत्न करणाऱ्या जोडप्यांना ही गोष्ट वेळेवर सांगितली गेली नाही तर विनाकारण मनस्ताप होतो. तरीही सल्फासालाझिन कालबाह्य झालेले नाही. ज्यांना ते सोसते त्यांचा शमनकाळ टिकवण्यात ते नव्या औषधांपेक्षा कमी पडत नाही, किंबहुना एकत्रित अभ्यासांत थोडे सरसच ठरले आहे. सांधेदुखी असलेल्यांना त्याचा दुहेरी लाभ होतो आणि ते स्वस्तही आहे.

गरोदरपणात मेसालाझिन सामान्यतः चालू ठेवतात, कारण त्या काळात आजार भडकणे हे आई व बाळ दोघांनाही अधिक धोक्याचे असते. सल्फासालाझिन घेणाऱ्या स्त्रियांना फॉलिक आम्ल जोडीने दिले जाते. अंगदुखीवर दुकानातून सहज आणल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी कोलायटिस उलटू शकतो, म्हणून त्या टाळण्याचा सल्ला असतो. अझाथायोप्रिनबरोबर मेसालाझिन घेणाऱ्यांच्या रक्तपेशींवर लक्ष ठेवावे लागते.

दीर्घकाळ चाललेल्या व्यापक कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मेसालाझिन नियमित घेतल्याने तो कमी होतो, असे काही अभ्यास सुचवतात. हा मुद्दा अद्याप निर्विवाद नाही. आजार सुरू होऊन साधारण आठ वर्षे झाल्यावर ठरावीक अंतराने दुर्बिणीची तपासणी करण्याची शिफारस मात्र सर्वमान्य आहे.

हळद आणि मेसालाझिन

हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य मेसालाझिनला पर्याय ठरू शकते का, हा प्रश्न भारतात नेहमी विचारला जातो. जपानमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शमनकाळातील ८९ रुग्णांपैकी काहींना रोज २ ग्रॅम कर्क्युमिन दिले गेले. सहा महिन्यांत त्यांच्यापैकी ५ टक्क्यांहून कमी रुग्णांचा आजार उलटला. औषधहीन गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. या बातमीचा अर्धा भाग लोकांत पसरला. उरलेला अर्धा असा की दोन्ही गटांतील सर्व रुग्ण सल्फासालाझिन किंवा मेसालाझिन घेतच होते. कर्क्युमिन त्याच्या जोडीला होते, जागी नव्हते. दिल्लीच्या एम्समधील चाचणीत रोज ४५० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेचा उपयोग झाला नाही. भाजीत पडणाऱ्या चिमूटभर हळदीतून मिळणारे कर्क्युमिन तर याहूनही बरेच कमी असते.

उपलब्धता व साठवण

भारतात मेसालाझिन अनेक नावांनी मिळते. मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे 'मेसाकॉल' हे त्यांपैकी एक परिचित नाव. सल्फासालाझिन इप्काच्या 'साझ' या नावाने मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत सल्फासालाझिन आहे, तर भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ५-अमिनोसॅलिसिलिक आम्लाचाही समावेश आहे. राष्ट्रीय यादीतील औषधांच्या कमाल किमती राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण ठरवते. ब्रँड बदलताना केवळ मिलिग्रॅमचा आकडा जुळवणे पुरेसे नसते. वेष्टनाचा प्रकार वेगळा असेल तर औषध आतड्याच्या वेगळ्या भागात सुटते, म्हणून असा बदल डॉक्टरांना विचारून केला जातो.

मेसालाझिन हवा व प्रकाश यांच्या संपर्काने काळपट पडते, त्यामुळे गोळ्या मूळ पट्टीतच ठेवाव्या लागतात. मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. पत्र्याच्या छताखाली किंवा उभ्या मोटारीत ठेवलेल्या सपोझिटरी अशा उन्हात मऊ पडून निकामी होतात. त्या घरातील सर्वांत गार कोपऱ्यात, माठाजवळच्या कोरड्या फळीवर वगैरे, उन्हापासून दूर ठेवणे सोयीचे असते.